लाल म्हणजे लांब

प्रिय मुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशीलच. तू म्हणायचीस, "वहिनींचं अक्षर म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या शाळकरी मुली." अजून तसंच आहे. आता त्यातल्या एकदोघी कमरेत वाकतात, पण रांग मोडत नाहीत. एका छपराखाली वीस वर्षं राहिलेल्या जावांना एकमेकींना पत्र लिहायची वेळच कशी येणार, म्हणून हे माझं तुला पहिलंच पत्र. आधी निमित्त सांगते. वरची खोली आवरायला काढली आहे. गुडघे जिना चढू देत नाहीत, तेव्हा शिवणाचं मशीन खाली पुढच्या खोलीत आणलं. जुन्या दाराचं केलेलं ते लांबलचक टेबल सुताराकडून अर्धं कापून घेतलं. कापताना मी बाहेर जाऊन उभी राहिले, मला बघवेना. आणि टेबलाखाली, अगदी भिंतीला चिकटून, तुझी चार पोती निघाली. रजयांच्या पोटात घालून उरलेल्या भरणाची. तुझ्या भावजींनी एक पोतं दाबून पाहिलं आणि म्हणाले, "टाकणार असशील तर सांग, मी यातच झोपतो. तुझ्या घोरण्यापासून तरी सुटका." स्वतः काय घोरतात ते त्यांना कोण सांगणार! तर विचारायचं आहे ते एवढंच, की या चार पोत्यांचं काय करू?

तू म्हणशील, वहिनी, तुम्ही मला विचारता? तुम्ही तर त्यावर पुस्तक लिहिलंत. त्या पुस्तकाकडे मी येणारच आहे, मुंगे. जरा दम धर. मला एकदम तिथे पोचता येत नाही.

तू या घरात आलीस तेव्हा मी रजया शिवायला लागून तीन वर्षं झाली होती. ऑर्डर्स बऱ्या येत होत्या आणि मी स्वतःला मोठी कारागीर समजत होते. तुझे वडील गाद्या-रजया भरणारे, हे कळल्यावर घरात जरा कुजबुज झाली होती, हे तुलाही माहीत आहे. त्या कुजबुजीत माझाही आवाज होता, हे कदाचित माहीत नसेल. मी कॉन्व्हेंटची. काटा कुठल्या हातात आणि सुरी कुठल्या हातात, हे शिकून आलेली. तू आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात वाकून बघितलंस आणि असा श्वास घेतलास की मला वाटलं आत उंदीर आहे. "वहिनी, हे टाकलंत?" म्हणालीस. जसं काही मी मूल टाकलं होतं. मग डब्यात हात घालून माझे कापून फेकलेले भरणाचे पट्टे बाहेर काढलेस, झटकलेस, आणि दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवून म्हणालीस, "एकावर एक चढवायचं नाही. चढवलं की वळ उठतो, झोपणाऱ्याला टोचतो. कडेला कड नुसती भेटवायची." वर नागमोडी टाके घालून ते तू असे जोडलेस की हात फिरवला तरी जोड लागेना. महिनाभरात अशा जोडांतून एक अख्खी रजई उभी केलीस. मामंजी शेवटपर्यंत तीच पांघरून झोपले, आणि आपल्या पोटावर साठ-सत्तर घरांची उरलीसुरली ऊब आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. तुला मुंगी म्हणायला त्यांनीच सुरुवात केली. "ही मुंगी साखरेचा कणसुद्धा वाया जाऊ देणार नाही," म्हणायचे. सासूबाईंनी नाक मुरडलं होतं, पण त्यांच्या दुखऱ्या टाचेखाली तू भरणाची गोल चकती शिवून दिलीस, तेव्हापासून त्याही मुंगीच म्हणायला लागल्या.

काय काय केलंस गं त्या चुऱ्यामुऱ्याचं! अगदी बारीक कातरण टाचण्यांच्या उशीत. तळहाताएवढे तुकडे कपाटातल्या काचेच्या बश्यांच्या मधे, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून. लांब पट्ट्या गुंडाळून कापडी नळी केलीस आणि दाराखालच्या फटीला लावलीस, तेव्हापासून त्या खोलीत वारा शिरला नाही. जिना पुसणाऱ्या बाईंना गुडघ्याला बांधायच्या गाद्या. माझ्या मशीनखाली जाड चौकोन, की खालच्या तेव्हाच्या भाडेकरूंची तक्रार बंद. शेजारच्या व्हायोलिनवाल्या मास्तरांच्या हनुवटीला घट्टा पडला होता, त्यांनाही एक इवलीशी उशी. मास्तर त्या दिवशी तुझ्यासाठी म्हणून अर्धा तास वाजवत बसले आणि तू मला कोपर मारून म्हणालीस, "उशी परत मागू का?" मी इतकी हसले की टाका चुकला.

आणि तुझी ती परीक्षा. कुठलाही तुकडा हाती आला की आधी त्याची चिमूट काढायचीस. खिडकीशी बशी, बशीत चिमूट, तिला काडी लावायचीस. कापूस असेल तर कागदासारखा वास येऊन राख व्हायची, फुंकर मारली की गेली. कृत्रिम धाग्याचं असेल तर ते आक्रसायचं, वितळायचं आणि बशीला काळा टणक मणी चिकटायचा. मग तुकड्यांचे गठ्ठे बांधायचीस. कापसाच्या गठ्ठ्याला पांढरा दोरा, कृत्रिमाला लाल. "लाल म्हणजे लांब," म्हणायचीस. आगीपासून लांब, इस्त्रीपासून लांब, गरम भांड्यापासून लांब. वडिलांनी शिकवलेलं, त्यांच्या वडिलांनी त्यांना. मला ते सगळं जरा बाजारू वाटायचं, खरं सांगते. दोऱ्यांचे गठ्ठे, बशीतले काळे डाग. माझं टेबल मला स्वच्छ लागायचं.

या स्वच्छतेबद्दल एक सांगते. आम्हाला शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर वह्यासुद्धा तपासायच्या. वहीत चूक झाली तर खोडायची परवानगी नव्हती. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची आणि पुढे बरोबर लिहायचं. चूक वाचता आली पाहिजे, म्हणायच्या. गिरवून काळी केलेली चूक ही दुसरी चूक. मी काय करायचे माहीत आहे? घरी जाऊन ते अख्खं पानच नव्याने लिहायचे आणि जुनं पान इतक्या सफाईने काढायचे की शिवण हलायची नाही. वर्षाअखेर मला सुबक वहीचं बक्षीस मिळायचं. वर्गातल्या काही मुली शनिवारी चर्चमधल्या जाळीमागे बसून आपल्या चुका सांगून यायच्या आणि बाहेर येताना उड्या मारत यायच्या. मी त्यांच्या धर्माची नाही, त्यामुळे मला ती जाळी नव्हती. तिचा मला फार हेवा वाटायचा.

आता पुस्तक. वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये मी दर बुधवारी वर्ग घ्यायला लागले, ते तुझ्याच सांगण्यावरून. "तुम्ही छान बोलता वहिनी, तुम्ही शिकवा. मी पिशवी भरून देते." मी बोलायचे, तू वर खोलीत बसून पुढच्या बुधवारची पिशवी भरायचीस. मग ती छोटी पुस्तिका निघाली, उरलेल्या भरणाचे एकवीस उपयोग. त्यातले एकवीसच्या एकवीस तुझे. मुखपृष्ठावर माझं नाव, आत माझा फोटो, आणि शेवटच्या पानावर तळाला 'घरच्या मंडळींचे आभार'. घरची मंडळी! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. तू पुस्तिका हातात घेतलीस, उलटसुलट केलीस, माझा फोटो बघून म्हणालीस, "वहिनी, छान दिसताय, केस जरा मागे घ्यायला हवे होते." एवढंच. मी वाट बघत होते की तू काही बोलशील. बोलली असतीस तर भांडून मोकळी झाले असते. तू बोलली नाहीस, म्हणून मी ठरवून टाकलं की तुला काही वाटलंच नाही.

आणि मग ती बेकरीवाली. मला तिचा चेहरा आठवायचा नसतो, पण तिच्या दुकानावरूनच माझा रस्ता जातो. बुधवारच्या वर्गातली सगळ्यात खट्याळ विद्यार्थिनी ती. "आमचा नवरा भट्टीसमोर आणि मी गिऱ्हाइकासमोर, दोघंही भाजून निघतो," म्हणायची. तिने वर्गात घेतलेल्या तुकड्यांचा भट्टीतले ट्रे काढायचा हातमोजा शिवला. माझ्या पुस्तिकेतला नववा उपयोग. शनिवारी सकाळी तापलेला ट्रे धरला, आणि आतलं भरण वितळून कापडातून तिच्या उजव्या तळव्याला चिकटलं. सोमवारी ती हाताला पांढरं बँडेज बांधून आपला जिना चढून वर आली. दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीत तो मोजा. भांडायला आली नव्हती, समजून घ्यायला आली होती, ते जास्त कठीण होतं. तू मोजा उसवलास. चिमूट काढलीस. बशी घेतलीस. मी तुझ्या मागे उभी होते. बशीत काळा मणी झाला तेव्हा मला तुझी फक्त मान दिसत होती, आणि ती मान मी या दहा वर्षांत एक दिवस विसरलेले नाही.

तू माझ्याकडे वळून विचारलंस, "वहिनी, मी लाल दोरा बांधला होता ना? मला आठवतंय, बांधला होता." आणि मी म्हणाले, "बांधला असतास तर दिसला नसता का?" नीट बघ, मुंगे. यात एकही खोटा शब्द नाही. हा नुसता प्रश्न आहे. कॉन्व्हेंटमध्ये खोटं बोलायला बंदी होती, तेव्हा खोटं न बोलता खोटं कसं सांगायचं हे आम्ही लवकर शिकलो होतो. तू पुन्हा बशीवर वाकलीस. मग मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून, त्या बाईच्या देखत म्हणाले, "होतं गं असं. नजर चुकते माणसाची." मी तुला माफ केलं. खालमानेने तू ती माफी घेतलीस.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहू दे. सव्वा महिना तू रोज दुपारी तिच्या घरी जाऊन भांडी घासलीस, तिच्या दोन मुलींच्या वेण्या घातल्यास. घरात सगळे म्हणाले, थोरलीचं मन मोठं, दुसरी असती तर जावेला घराबाहेर काढलं असतं. मी ते ऐकून घेतलं. पुस्तिका दुसऱ्यांदा छापली तेव्हा नवव्या उपयोगाखाली मी एक ओळ घातली: 'भरण कापसाचे आहे याची खात्री इतरांवर न विसंबता स्वतः करून घ्यावी.' इतरांवर न विसंबता! चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीच्या दोराला शुद्धलेखन.

त्यानंतर तू एकेका तुकड्याची तीन तीन वेळा चिमूट जाळायला लागलीस. खोलीत सतत जळका वास. एक रजई व्हायला दोन महिने लागायला लागले. मग एके दिवशी सुई टाचण्यांच्या उशीत टोचून ठेवलीस आणि म्हणालीस, "वहिनी, मला आता नीट दिसत नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुझे डोळे उत्तम आहेत असं सांगितलं, तरी तू सुई हातात घेतली नाहीस. वर्षभरात माझ्या दिरांची बदली झाली आणि तुम्ही गेलात. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी विचारलं, "पोती नेत नाहीस?" तू म्हणालीस, "नको. कुणाला पुन्हा काही व्हायला नको." टेम्पो वळेपर्यंत मी हात हलवत होते. मनात पहिला विचार काय आला सांगू? सुटले. असा विचार आला. दुःख संध्याकाळी आलं, चहाचे दोन कप मांडल्यावर.

इकडचं बाकी बरं आहे. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. व्हायोलिनवाले मास्तर मुलाकडे राहायला गेले, जाताना ती उशी घेऊन गेले. बुधवारचा वर्ग मी तू गेल्यावर दोन महिन्यांतच बंद केला. लोकांना गुडघ्याचं कारण सांगितलं. पिशवी भरणारं कुणी नव्हतं, हे खरं कारण.

गेल्या रविवारी तुझ्या लेकीचा फोन आला. सातवा महिना लागला म्हणाली. मी आनंदाने ओरडलेच, तुझे भावजी धावत आले. मग ती हळूच म्हणाली, "मोठी काकू, एक विचारू? आईला म्हटलं, बाळासाठी एक छोटी रजई शिव. तर नाही म्हणाली. म्हणते, बाळाच्या अंगाला लागणारी वस्तू माझ्या हातून नको, माझ्या हातावर माझा भरवसा नाही. बाजारातून आण. काकू, आईच्या हाताला काय झालंय?" मी म्हणाले, बघते, कळवते. फोन ठेवला आणि वर गेले. गुडघ्यांनी ओरडायचं ते ओरडून घेतलं. पोती काही आवराआवरीत सापडली नाहीत, मुंगे. ती कुठे आहेत हे मला रोज माहीत होतं. टेबल मी त्यानंतर कापून घेतलं.

तर ते सांगते, ज्यासाठी हे पत्र आहे. तू लाल दोरा बांधला होतास. त्या बुधवारी पिशवीत नऊ पांढरे गठ्ठे होते आणि सहा लाल. वर्गाचा फोटो काढायला मासिकाचा माणूस येणार होता, आणि तुझे ते दोऱ्यांचे गठ्ठे मला टेबलावर गबाळे दिसायला लागले. वर्ग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी मी छोट्या कात्रीने सगळे दोरे कापले आणि तुकडे आकाराप्रमाणे लावून वेताच्या टोपलीत मांडले. लाल कुठले ते मी बोलता बोलता सांगणार होते. बोलले इतकं छान, की विसरले. दोरे अॅप्रनच्या खिशात राहिले. तू बशीवर वाकली होतीस तेव्हा माझा एक हात तुझ्या खांद्यावर होता आणि दुसरा त्या खिशात होता. काल सकाळी मी बेकरीवालीकडे जाऊन हे सगळं सांगितलं. तिने तळवा माझ्यासमोर उघडा धरला, त्यावर अजून एक गुळगुळीत, रेषा नसलेली जागा आहे, आणि म्हणाली, "माझा हात कधीच बरा झाला हो. मला काय सांगता? जिने माझी भांडी घासली तिला सांगा." तेव्हा हे पान मी पुन्हा सुबक लिहून काढणार नाही, जसं आहे तसं पाठवते. पाकिटात कागदाची एक पुडी आहे. त्यात सहा लाल दोरे आहेत. दहा वर्षं बटणांच्या डब्यात तळाशी ठेवले होते, टाकवले नाहीत. उघडून बघ. कापताना कात्री दोऱ्याच्या मधोमध चालली, त्यामुळे गाठी सुटलेल्या नाहीत. दोन वेढे आणि एक आतून, तशी गाठ या घरात फक्त तू मारतेस. पुस्तिकेतली ती ओळ आणि मुखपृष्ठावरचं नाव यांचं काय करायचं ते तू सांगशील तसं करीन. माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही, आणि एकदा मी तुला दिलेली माफी आठवली की तो शब्दच नकोसा होतो. मागते ते एवढंच: पुढच्या आठवड्यात तुझ्या भावजींना घेऊन चारही पोती तुझ्या दारात आणते. मला आत घ्यायचं की नाही ते तू ठरव, पण पोती घे. पांढऱ्या दोऱ्याचा गठ्ठा सोड, चिमूट काढ, बशीत धर. एकदाच. राख होईल. गाठी बरोबर होत्या, मुंगे, सगळ्या. चुकीचा काप माझा होता. बाळाला थंडीआधी पांघरूण हवं.

तुझीच,
थोरली